एअर रायफलीला कोणता पेलेट मानवतो? १० मीटरवरची चाचणी, पायरीपायरीनं

नागपुरात कुणी नवी एअर रायफल घेतली की रेंजवर पहिला सल्ला मिळतो तो पेलेटचा, म्हणजे शिशाच्या बारीक गोळीचा. "भाऊ, अमक्या कंपनीचा डबा घे, डोळे मिटून घे." सल्ला देणाऱ्यानं त्या डब्यातले पाच पेलेट मारलेले असतात, पाचही जवळपास एकाच भोकात गेलेले असतात आणि ते कार्ड त्यानं मोबाइलच्या कव्हरमागे जपून ठेवलेलं असतं. सल्ला खोटा नसतो. फक्त तो त्याच्या रायफलीपुरता आणि त्या एका बॅचपुरता (कारखान्यातून एका वेळी निघालेल्या मालापुरता) असतो, आणि पाच शॉटवरून तर तेवढाही सिद्ध होत नाही.

अमेरिकेतले शिकारी घरी काडतुसं भरतात. रेमिंग्टनची ७६० ही पंप-ॲक्शन रायफल १९५२ साली आली. तिच्यासारख्या रायफलीला कोणती बुलेट आणि किती पावडर मानवते हे शोधण्यात ते लोक रमतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस तयार करायलाही परवाना लागतो. त्यामुळे घरी काडतुसं भरायचा विचारच नको. २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या ४.५ मिमी एअर रायफलीला मात्र परवाना लागत नाही, आणि 'या नळीला काय मानवतं' हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. इथे पावडर नाही, ती पेटवणारा प्रायमर नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी: पेलेट आणि हवा.

फरक खरंच पडतो का?

पडतो, पण सगळ्यांना सारखा नाही. आधी टार्गेटचं गणित बघा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ फक्त ०.५ मिमी व्यासाचं, ९ चं ५.५ मिमीचं. पेलेट ४.५ मिमीचा असल्यामुळे त्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.० मिळतात. तिथून मध्याकडे दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जास्त. १०.९ हवे असतील तर चूक पाव मिलिमीटरच्या आत हवी. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राचा शेवटचा शॉट १०.८ होता, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

आता समजा, एका बॅचचं विखुरणं ०.४ मिमी आहे (प्रत्येक दिशेतलं प्रमाणित विचलन, म्हणजे शॉट मध्यापासून साधारण किती पसरतात त्याचं माप) आणि दुसरीचं ०.८ मिमी. नेमबाजाच्या हाताचं विखुरणं आणि पेलेटचं विखुरणं यांची सरळ बेरीज होत नाही; दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. हाताचं विखुरणं १ मिमी असलेल्या पक्क्या नेमबाजाला चुकीच्या बॅचमुळे ६० शॉटमध्ये साधारण ६ गुणांचा फटका बसतो. २ मिमी असलेल्याला साडेतीन. आणि ६ मिमी असलेल्या नवशिक्याला? जेमतेम एक-सव्वा गुण.

म्हणून नेमबाजी सुरू करून वर्ष न झालेल्या मुलांच्या पालकांना मी सरळ सांगतो: चांगल्या कंपनीचा मध्यम किमतीचा मॅच (स्पर्धेचा) पेलेट घ्या, उरलेले पैसे जॅकेट आणि बुटांवर घाला. चाचणीची गरज पडते ती शॉटमागची सरासरी १० च्या आसपास स्थिरावल्यावर. तिथून पुढे ही चाचणी स्वस्तातला मस्त सौदा आहे.

बंदूक आधी चाचणीच्या लायक करा

ढिल्या बंदुकीची चाचणी म्हणजे वेळेचा अपव्यय. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, नेम धरायच्या मागच्या साइटचा क्लॅम्प, पुढच्या साइटची रिंग, खांद्याला टेकणारी बट प्लेट, सगळं एकेक करून तपासा. स्क्रू किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. 'हाताला घट्ट लागेल इतका' हे माप नव्हे. मागची साइट बोटांनी हलकेच हलवून बघा. ती केसभर हलली तरी ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा घोळका) उभा किंवा आडवा ताणला जातो आणि दोष पेलेटच्या माथी जातो.

नळी स्वच्छ करायची तर फेल्टचे गोळे वापरा, पोलादी सळई आणि ब्रश नको. साफ केल्या केल्या चाचणी सुरू करू नका. कोरड्या नळीतून गेलेले पहिले काही शॉट भरकटतात. १५-२० पेलेट गेल्यावर नळी जागेवर येते. एका कंपनीचा पेलेट बदलून दुसऱ्याचा घेतला तरी थोड्या प्रमाणात हाच प्रकार, कारण प्रत्येकाचं तेल आणि लेप वेगळा असतो. प्रत्येक बॅचचे पहिले पाच शॉट बाजूच्या कागदावर मारून सोडून द्या.

हवेचं बघू. हल्लीच्या मॅच रायफली सिलिंडरवर चालतात, २०० बार दाबापर्यंत भरतात, आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखा दाब देतो. निदान द्यायला हवा. रायफल अर्धा तास तशीच पडली की काही रेग्युलेटरमध्ये दाब हळूहळू चढतो आणि पुढचा पहिला शॉट वेगळ्या ठिकाणी लागतो. हे ताडायला क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, लागतो. स्वतःचा नसेल तर क्लबमध्ये कुणाकडे तरी असतोच. दहा शॉटचा वेग सलग घ्या, वीस मिनिटं थांबा, पुन्हा पाच घ्या. थांबल्यानंतरचा पहिला वेग उरलेल्यांपेक्षा ठळक वेगळा आला तर आधी रेग्युलेटरची सर्व्हिस, मग पेलेट.

वेगाला इतकं महत्त्व का? मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. १० मीटर जाईपर्यंत तो गुरुत्वाकर्षणानं जवळपास १७ मिमी खाली येतो. वेग एक टक्का बदलला तर हे पडणं दोन टक्क्यांनी बदलतं, म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. एका दशांश गुणापेक्षा जास्त, आणि तेही नेमबाजाची काही चूक नसताना.

सिलिंडरबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, त्यावर मुदत छापलेली असते आणि स्पर्धेत ती तपासतात. मुदत संपलेला सिलिंडर घरच्या चाचणीतही नको. दोन, आपल्या मे महिन्यातली बंद कार. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ६५ अंशांच्या डिकीत साधारण २२५ बारच्या पुढे जातो. सीताबर्डीत खरेदीला उतरताना रायफल गाडीत ठेवून जायची सवय असेल तर मोडा.

जागा, उजेड, कूलर

भिंत पक्की असलेली बंदिस्त खोली, नळीच्या टोकापासून टार्गेटपर्यंत १० मीटर, मागे पेलेट अडकवणारी लोखंडी पेटी. खोलीला दुसरं दार असेल तर ते आतून बंद. डोळ्यांवर चष्मा प्रत्येकाच्या, बघ्यांच्याही. घराच्या गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात ही चाचणी करू नका. शेजाऱ्याच्या खिडकीची आणि कबुतरांची जबाबदारी तुमची असते.

नागपूरकरांना वेगळं सांगायची गोष्ट म्हणजे कूलर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, पण त्याचा झोत अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटवर आडवा आला तर चाचणीचा बट्ट्याबोळ. कूलर लेनपासून लांब, नेमबाजाच्या पाठीमागे आणि मंद ठेवा, किंवा सरळ पहाटे सहाला सुरू करून नऊच्या आत आटपा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी सगळ्यात उत्तम. पावसाळ्यात अडचण वेगळी: कागद दमट होतो. मॅच पेलेटचं डोकं सपाट असतं ते कागदाला गोल स्वच्छ भोक पडावं म्हणून, पण ओलसर कागद फाटतो आणि भोकाची कड चिंध्यांसारखी होते. जुलै-ऑगस्टमध्ये टार्गेट प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवा आणि लावायच्या वेळीच बाहेर काढा.

उजेड चाचणीभर एकसारखा हवा. खिडकीतून ऊन सरकत असेल तर पीप साइटमधून (मागच्या साइटच्या बारीक भोकातून) काळं वर्तुळ दिसायचं बदलतं आणि ग्रुपचा मध्य सरकतो. पडदा लावा, ट्यूबलाइट किंवा एलईडी टार्गेटवर टाका.

आणि शिसं. हात साबणानं धुतल्याशिवाय तर्री-पोह्याला हात लावू नका. पेलेट तोंडात धरायची सवय काही जुन्या लोकांना असते. मुलांसमोर तर अजिबात नको.

टेका: शिकंजा की पिशव्या?

आपल्याला पेलेट तपासायचा आहे, स्वतःला नाही. म्हणून उभं राहून चाचणी करायची नाही. सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे रायफल पकडणारा शिकंजा, पण तो जड टेबलाला बोल्टनं बसवलेला हवा. डुगडुगत्या टेबलावरचा महागडा शिकंजा काही कामाचा नाही. पकड स्टॉकच्या खालच्या रेलवर किंवा ॲक्शनच्या (जिथे पेलेट भरतात त्या) भागावर असावी. नळीवर आणि सिलिंडरवर कधीच नको.

शिकंजा नसेल तर पिशव्या. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवा, आत तांदूळ किंवा बारीक चाळलेली वाळू ठासून भरा, दुसरं टोक शिवून टाका. एक पिशवी फोर-एंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली), एक बटखाली. रायफल दर वेळी फोर-एंडच्या त्याच जागी टेकली पाहिजे. तिथे मास्किंग टेपची खूण करा. खांदा हलका, गाल हलका, ट्रिगर सरळ मागे. मागची पिशवी डाव्या हातानं दाबून उंची जुळवता येते, ती पद्धत एकदा जमली की शिकंज्याची फारशी उणीव भासत नाही.

स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलीचं मात्र उलट आहे. आत पिस्टन पुढे झेपावतो, बंदूक आधी मागे आणि मग पुढे उसळते, आणि हे सगळं पेलेट अजून नळीत असताना. तिला घट्ट आवळलं की ग्रुप मोठा होतो. तिला तळहातावर सैल ठेवा, तळहात पिशवीवर ठेवा, आणि उसळायचं तसं उसळू द्या.

पेलेट: डबा नव्हे, बॅच

डब्याच्या मागच्या स्टिकरवर एक क्रमांक असतो. तोच खरा माल. आरडब्ल्यूएसचा आर१०, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबीचे मॅच पेलेट, ही सगळी नावं चांगली आहेत, पण एकाच नावाच्या दोन बॅच एकाच नळीत वेगळ्या वागतात. साचा झिजतो, बदलतो, शिशाची घडण थोडी बदलते. काही कंपन्या डोक्याचा व्यासही लिहितात: ४.४९, ४.५०, ४.५१. तुमच्या नळीला कोणता बसेल हे नळीच सांगते.

चार-पाच बॅच निवडा, त्याहून जास्त नको. एक तुमची सध्याची असावी. ती तुलनेचा खुंटा. बाकीच्या क्लबमधल्या लोकांकडून शंभर-शंभर पेलेट मागून आणा. आख्खा डबा विकत घेऊन मग चाचणी करणं म्हणजे लग्नानंतर पत्रिका बघणं.

प्रत्येक पेलेट काचेवर हलकेच घरंगळवा. मागची कड चेपलेली असेल तर तो वाकडा फिरतो. असे बाजूला काढा. जमिनीवर पडलेला पेलेट परत उचलून वापरू नका, त्याला कचरा चिकटतो आणि तो नळीत ओरखडे पाडतो.

वजन करून वेगळे करावेत का, हा प्रश्न दर वेळी येतो. इतवारीच्या सराफ्यात वापरतात तसा मिलिग्रॅमचा काटा स्वस्तात मिळतो, त्यामुळे मोह होतो. हिशेब असा: वजनात एक टक्का, म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम, फरक असेल तर वेग साधारण अर्धा टक्का बदलतो आणि शॉट १० मीटरवर ०.१७ मिमी वर-खाली होतो. चांगल्या मॅच बॅचमध्ये बहुतेक पेलेट याहून बरेच जवळ असतात. माझ्या मते वजन करण्यात घालवलेली संध्याकाळ दुसरी बॅच तपासण्यात घालवावी. एखाद-दुसरा फार हलका पेलेट गाळायला काटा उपयोगी आहे, त्यापुढे नाही.

मारायची पद्धत

बहुतेक चाचण्या इथेच फसतात. एक बॅच घेतली, दहा मारले, दुसरी घेतली, दहा मारले, अशा क्रमात शेवटच्या बॅचला थकलेला हात, उतरलेला सिलिंडर आणि तापलेली खोली मिळते. पहिल्या बॅचला सगळं ताजं. मग पहिली जिंकते आणि आपण खूश.

त्याऐवजी असं करा. औषधाच्या गोळ्यांची आठवड्याची डबी मिळते, सात कप्प्यांची. मित्राला सांगा की एकेका कप्प्यात एकेक बॅच टाकायची आणि कोणत्या कप्प्यात काय आहे हे त्यानं स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवायचं. तुम्हाला कळता कामा नये. महागड्या डब्यातला पेलेट आहे हे माहीत असलं की ट्रिगरवरचं बोट आपसूक जास्त जपून चालतं. हे पिशवीवर टेकलेल्या रायफलीलाही लागू आहे.

मग फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक कप्प्यातले पाच शॉट, आणि फेरीगणिक कप्प्यांचा क्रम बदललेला. पहिल्या फेरीत अ, ब, क, ड; दुसरीत क, अ, ड, ब; असं. अशा सहा फेऱ्या झाल्या की प्रत्येक बॅचचे तीस शॉट होतात. प्रत्येक फेरीनंतर सिलिंडरचा दाब आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. दाब कंपनीनं सांगितलेल्या खालच्या मर्यादेच्या जवळ आला की थांबून भरा.

एका काळ्या वर्तुळावर एकच शॉट. कार्ड जास्त लागतील, लागू द्या. दहा शॉट एकाच जागी मारले की मध्ये एक फाटका खड्डा उरतो आणि त्यातले आतले सात-आठ शॉट कुठे लागले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटची लेन मिळाली तर उत्तमच, प्रत्येक शॉटचे आडवे-उभे अंतर ते स्वतःच देतं.

शॉट खेचला गेला हे तुम्हाला ट्रिगर सुटतानाच जाणवलं तर टार्गेट न बघता तेव्हाच वहीत 'बाद' लिहा आणि तो पुन्हा मारा. टार्गेट बघून मग 'हा माझाच चुकला' म्हणायची सोय ठेवलीत तर चाचणी संपली.

मोजणी

रेंजवर बहुतेक जण वर्निअरनं ग्रुपचं बाहेरून बाहेर माप घेतात आणि त्यातून ४.५ वजा करतात. सोपं आहे, पण या मापात फक्त दोन सगळ्यात लांबचे शॉट बोलतात, बाकीचे गप्प. शिवाय शॉट वाढले की हे माप आपोआप वाढतं: त्याच पेलेटचा १० शॉटचा ग्रुप ५ शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट येतो. त्यामुळे कुणाचे पाच आणि कुणाचे दहा यांची तुलना करायचीच नाही.

आणि योगायोग केवढा असतो ते लक्षात घ्या. एकाच डब्यातल्या पेलेटचे पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप मारले, काहीही न बदलता, तर सगळ्यात मोठा ग्रुप सगळ्यात छोट्याच्या पावणेदोनपट निघणं अगदी सामान्य आहे. मोबाइलच्या कव्हरमागचं ते कार्ड या पाचातलं कोणतं होतं, एवढाच प्रश्न.

म्हणून सरासरी त्रिज्या काढा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मिलिमीटरची जाळी छापून घ्या आणि मध्याशी ४.५ मिमीचं वर्तुळ काढा. हे वर्तुळ भोकावर बसवलं की पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून किती उजवीकडे आणि किती वर आहे ते वाचता येतं. समजा पाच शॉट असे आले (पहिला आकडा आडवा, दुसरा उभा, मिमीमध्ये):

०.४, −०.३
−०.६, ०.५
०.२, ०.९
१.०, −०.१
−०.५, ०.०

आडव्या आकड्यांची सरासरी ०.१, उभ्यांची ०.२. हा ग्रुपचा मध्य. तो टार्गेटच्या मध्यावर नाही याची काळजी नको, ते साइट सरकवायचे क्लिक बघतील. आता प्रत्येक शॉटमधून हा मध्य वजा करा, दोन्ही आकड्यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. पहिल्या शॉटचं ०.५८, मग ०.७६, ०.७१, ०.९५, ०.६३. यांची सरासरी ०.७३ मिमी. हीच सरासरी त्रिज्या. याच पाच शॉटचं वर्निअरचं माप मध्य ते मध्य १.७१ मिमी येतं, आणि ते फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शॉटवरून. एक्सेलमध्ये एकदा सूत्र बसवलं की तीस शॉट पाच मिनिटांत होतात. घरातला दहावीतला मुलगाही करून देईल.

फेऱ्यांमध्ये ग्रुपचा मध्य सरकलेला दिसला तर प्रत्येक फेरीचा मध्य वेगळा काढून बघा. सगळ्याच बॅचचा मध्य एकदम सरकला असेल तर पिशवी किंवा उजेड हलला. एकाच बॅचचा सरकत असेल तर ती बॅच संशयित.

निर्णय

तीस शॉटनंतरही सरासरी त्रिज्येत दहा टक्क्यांच्या आसपास चूक राहतेच. म्हणून दोन बॅचमध्ये दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर तो फरक नाही असंच धरा आणि स्वस्त असलेली घ्या. पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक असेल तर लक्ष द्या. तळाच्या बॅच गाळा, वरच्या दोघींची दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस-तीस शॉटची चाचणी घ्या. पहिल्या दिवशीची विजेती दुसऱ्या दिवशी थोडी मागे पडते, हे ठरलेलं; पाच जणींतून निवडताना तिच्या वाट्याला थोडं नशीबही आलेलं असतं. दोन्ही दिवसांचे साठ शॉट एकत्र करून निकाल लावा.

एखादी बॅच सरासरीत चांगली, पण तीसात एखादा शॉट लांब फेकते, तेव्हा काय? मी अशी बॅच घेत नाही. स्पर्धेत तो एक शॉट केव्हा येईल सांगता येत नाही, आणि आला की नेमबाज पुढचे पाच शॉट स्वतःवर शंका घेत मारतो.

पंपाच्या रायफली आणि हातपंप

सिलिंडरऐवजी पंपाची रायफल असेल तर वरची सगळी पद्धत तशीच, पण हवेची शिस्त तुमच्या हातात येते. एका झटक्याच्या रायफलीत, म्हणजे फाइनवेर्कबाउच्या ६०० मालिकेसारख्या जुन्या मॅच रायफलींत, लिव्हर दाबल्यावर हवा तापते आणि थांबलात तर थंड होऊन दाब उतरतो. लिव्हर बंद केल्यापासून शॉटपर्यंतचा वेळ दर वेळी सारखा ठेवा, मनात मोजा. अनेक झटक्यांच्या पंप रायफलीत झटक्यांची संख्या ठरवून घ्या आणि चाचणीभर तीच ठेवा. जास्त पंप म्हणजे जास्त अचूक, हा गैरसमज आहे. चार, पाच, सहा झटक्यांवर त्याच पेलेटचे ग्रुप घेऊन बघा, बऱ्याचदा मधला आकडा जिंकतो. मॅन्युअलमधली कमाल संख्या ओलांडायची नाही. पंपाचा दांडा ओढताना बोटं सांध्यापासून दूर आणि नळीचं तोंड टार्गेटकडे.

सिलिंडर हातपंपानं भरणाऱ्यांसाठी: दमट हवा दाबली की पाणी सुटतं आणि ते सिलिंडरमध्ये जातं. आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच. पंपाच्या फिल्टरमधले सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की बदला, पन्नासेक झटक्यांनंतर थांबून पंप गार होऊ द्या आणि पाणी सोडायचा स्क्रू उघडा. पंपाला किंवा व्हॉल्व्हला साधं मशीन ऑइल किंवा ग्रीस लावू नका. उच्च दाबात ते पेट घेऊ शकतं. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून भरून देतो म्हणणारा वेल्डर कितीही ओळखीचा असो, नाही म्हणा. फक्त कोरडी हवा.

खरेदी आणि साठवण

बॅच ठरली की त्याच दिवशी विक्रेत्याला फोन. रोज शंभर शॉट, आठवड्यातून पाच दिवस धरले तर वर्षाला पंचवीस हजार, म्हणजे ५०० चे पन्नास डबे. सरावाला स्वस्त पेलेट आणि स्पर्धेला हा, असं वाटून घेतलं तर दहा-बारा डब्यांत वर्ष निघतं. पार्सल आल्यावर प्रत्येक डब्याचा क्रमांक बघा. मागणी एका बॅचची आणि माल दुसरीचा, असं घडतं. क्रमांक जुळत नसेल तर डबा न उघडता परत करा.

डबे आडवे-उभे आदळू देऊ नका, फोमच्या चकतीसह ठेवा. स्वयंपाकघर आणि बाथरूमपासून दूर, कोरड्या कपाटात. पांढरी भुकटी धरलेला पेलेट म्हणजे शिसं गंजलंय. तो वापरायचा नाही, आणि ती भुकटी हातालाही लागू द्यायची नाही.

चाचणी पुन्हा कधी? रेग्युलेटरची सर्व्हिस झाली, सील बदलले, नळी बदलली किंवा साठा संपत आला, तेव्हा. शेवटच्या डब्यातले शंभर पेलेट बाजूला काढून छोट्या डबीत बंद करा आणि वर बॅच क्रमांक, तारीख आणि सरासरी त्रिज्या लिहा. पुढच्या चाचणीत तुलनेचा खुंटा म्हणून हेच लागतील.